टायरच्या दुकानावरची मंडळी

३ फेब्रुवारी

वन्संना वहिनीचा सलाम. बाकी 'वि. वि.' वगैरे तुम्ही मनात वाचून घ्या. आईंना आत्ताच कुशीवर वळवून आले आहे आणि त्यांची पुढची हाक येईपर्यंत हे पत्र संपवायचं आहे. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. पत्र मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तर काल आपल्या चर्चच्या मंडळीची वार्षिक सभा झाली. आधी छताची गळती, मग बाकांना लागलेली वाळवी आणि लगेच त्यानंतर तुम्ही, असा विषयांचा क्रम होता. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींनी विचारलं, आपली ही बहीण मोठ्या शहरात जाऊन दोन वर्षं झाली, तिथल्या कुठल्या चर्चची ती सभासद झाली की नाही? झाली असेल तर बदलीचं पत्र का मागत नाही? तुम्ही विसरला असाल म्हणून सांगते. माणूस गाव बदलतो तेव्हा जुनी मंडळी नव्या मंडळीला लिहून देते की हा आमचा माणूस, आता ह्याला तुम्ही सांभाळा. त्यावर नवी मंडळी 'बरं' म्हणते. एवढंच ते पत्र. त्यात रक्ताने सही करावी लागत नाही.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तुमचा दादा नेहमीप्रमाणे स्वतःच्या बुटांचा अभ्यास करत होता. सभेची टिपणं लिहिणाऱ्या आमच्या पाळकीणबाई वर न बघता म्हणाल्या, "असेल काहीतरी कारण." एवढ्याशा वाक्यात केवढं मीठ घालता येतं, ते त्यांच्याकडून शिकावं. मुलांचा रविवारचा वर्ग माझ्याकडून काढून त्यांनी स्वतःच्या भाचीला दिला, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. तरी दर रविवारी मी त्यांच्या मागच्याच बाकावर बसते. त्यांच्या अंबाड्यातल्या पिना मला तोंडपाठ आहेत.

तेव्हा वन्सं, कारण काय ते कळवा. खरं नसलं तरी चालेल, सभेत सांगण्यासारखं असावं.

तुमची,
वहिनी


१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. गळतं छत, वाळवी आणि मी, ह्या यादीत मला तिसरा क्रमांक मिळाला याबद्दल सभेचे आभार मान.

मी चर्चला जात नाही अशी तुमची समजूत असेल तर ती काढून टाक. मी एका नाही, तीन चर्चला जाते. गाणं ऐकायचं असेल तर नाट्यगृहात भरतं त्या मोठ्या चर्चला. तिथे दिवे आहेत, ढोल आहेत, पडद्यावर शब्द येतात आणि शेजारी कोण उभं आहे ते अंधारामुळे कळत नाही. चांगला उपदेश हवा असेल तेव्हा दगडी चर्चला. तिथले पाळक इतकं शुद्ध बोलतात की पाप करायचीसुद्धा लाज वाटते. आणि थंडीच्या दिवसांत बाजारामागच्या चर्चला, कारण तिथे उपासनेनंतर चहाबरोबर बिस्किटं असतात. तिन्हीकडे माणसं हसतात, हात मिळवतात आणि पुढचा प्रश्न विचारत नाहीत. वहिनी, ह्या सुखाची तुला कल्पना नाही.

आपल्या गावच्या मंडळीत मी काय भोगलं ते तुला ठाऊक आहे. ऑर्गनवाल्याशी माझं भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी मंडळीचे दोन वडील घरी हजर. मी लग्नाला नाही म्हटलं तर सगळ्या बायका माझ्यासाठी उपास करायला बसल्या. मी आजारी नव्हते गं, मला तो माणूस आवडला नव्हता.

इथे माझ्या गल्लीच्या टोकाला टायरच्या दुकानावर एक चिमुकलं चर्च आहे. एकदा चुकून तिथे गेले. बाराएक माणसं, गाणं बेसूर, पाळकांच्या वरच्या कवळीची पकड ढिली, त्यामुळे 'ख्रिस्त' म्हटलं की शिट्टी वाजते. दिवसभर कवळ्याच बनवते मी, मला कानाने कळतं. बाहेर पडेपर्यंत त्या लोकांनी माझं नाव, पत्ता, काम, माहेर सगळं विचारून घेतलं. रक्तगट तेवढा राहिला. पुन्हा त्या जिन्याला पाय लावायचा नाही म्हणून कानाला खडा लावला.

माझा विश्वास आहे, मी प्रार्थना करते, शास्त्र वाचते. देव हजेरी घेत नाही. सभेला हेच कारण सांग.

तुझीच,
वन्सं


२० फेब्रुवारी

वन्संना सलाम.

सभेला सांगितलं नाही. 'थंडीत बिस्किटांसाठी जाते' हे वाक्य वडीलमंडळींसमोर म्हणायला लागणारी छाती माझ्याकडे नाही.

एकाकडे गाणं, दुसरीकडे उपदेश, तिसरीकडे चहा. आमच्याकडे ह्याला 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणतात. शहरात काय म्हणतात ते कळवा.

तिथे कुणी तुम्हाला दुखवत नाही म्हणता. दुखवतील कसे? त्यांना तुमचं नाव माहीत नाही. धर्मशाळेत कुणी कुणावर रागावत नाही वन्सं, घरात रागावतात. मी पाळकीणबाईंच्या मागे बसते ती काही त्यांच्या पिना आवडतात म्हणून नाही. बाप्तिस्म्यानंतर मी सगळ्यांसमोर उभं राहून 'ही माझी माणसं' असं म्हटलं होतं. तेव्हा त्यांच्यातून पाळकीणबाईंना वगळायचं सुचलं नाही, ही माझी चूक. आता निभावते आहे. त्याही निभावत असतील. मी काही कमी खवचट नाही.

आणि ऑर्गनवाल्याचं म्हणाल तर त्याला तुम्ही भर उपासनेत 'बहिरा बैल' म्हणाला होता. दोन वडील आले ते कमीच होते.

आई बऱ्या आहेत. तुमची आठवण काढतात, मग मलाच तुमच्या नावाने हाक मारतात. मीही ओ देते.

तुमची,
वहिनी


१५ मार्च

प्रिय वहिनी,

अक्षर वाकडं आहे, कारण मीही वाकलेली आहे. हे पत्र मी पलंगाच्या कडेवर पालथी पडून, दोन उशांच्या फटीतून जमिनीवरच्या वहीत लिहिते आहे. 'आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून' म्हणतात. माझं उलट झालं आहे, झाकलेलाही माझाच डोळा आणि वाकलेलीही मीच.

घाबरू नकोस. गेल्या आठवड्यात कामावर एका कवळीचे दात मेणात बसवत होते. अचानक उजव्या डोळ्यात एका बाजूने काळं काही उतरायला लागलं. मला वाटलं, दिवा गेला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटला आहे. लगेच ऑपरेशन केलं. आत वायूचा एक बुडबुडा सोडलाय. तो पडद्याला जागेवर दाबून धरणार, पण त्यासाठी मी दोन आठवडे रात्रंदिवस मान खाली घालून राहायचं. जेवताना, चालताना, झोपताना, सगळं खालीच बघून. तुझ्या मते मला फार आधीच ही सवय लागायला हवी होती, ते मी तुझ्याआधी म्हणून टाकते.

तिन्ही चर्चना निरोप पाठवला. तिन्हीकडून फार प्रेमाने उत्तर आलं. मोठ्या चर्चने पडद्यावर माझं नाव दाखवून प्रार्थना केली म्हणे. दगडी चर्चच्या पाळकांनी फोनवर सुंदर वचन वाचलं आणि म्हणाले, "तुमच्या मंडळीची माणसं जवळ असतीलच." बाजारामागच्या चर्चमधली बाई म्हणाली, "तुम्ही त्या नाट्यगृहातल्या ना? त्यांच्याकडे माणसांना काय तोटा." वाईट कुणीच नाही वहिनी. प्रत्येकाला खात्री आहे की मी दुसऱ्या कुणाची तरी आहे.

कामावरच्या मालकांचा फोन आला होता. कवळ्या कधी पुऱ्या होतील विचारत होते.

तेव्हा दूध तापवायला उठते, दार उघडायला उठते. डोळ्यात थेंब टाकायला मान वर करावी लागते आणि निम्मे थेंब कानात जातात. पण चाललं आहे. माझी एकच विनंती, आईला सोडून तू यायचं नाहीस. दादाला पाठवू नकोस, तो पट्टी बघून चक्कर येऊन पडेल आणि मग मला त्याच्यावर पाणी मारायला उठावं लागेल. आणि मंडळीत कुणाला काही सांगायचं नाही. मला उपास करणाऱ्या बायका नकोत.

वन्सं


१९ मार्च

वन्संना सलाम.

बरं. येत नाही. दादाला पाठवत नाही. तुम्ही म्हणता तसं.

कुणी दार वाजवलं तर तेवढं उघडा. नाहीतर कडी काढूनच ठेवा, म्हणजे उठायला नको.

वहिनी


२६ मार्च

वहिनी,

'प्रिय' मुद्दाम लिहिलेलं नाही.

मागच्या आठवड्यात, तुझं ते गोड पत्र यायच्याही आधी, जिन्यावर पावलं वाजली. एकाची नाही, वरात असावी तशी. मी पालथी, मला फक्त चपला दिसल्या. दहा-बारा चपला आणि वरून शिट्टीसकट आवाज, "ख्रिस्तात स्वागत, बहीण. तुमच्या गावच्या पाळकांनी तुमचं बदलीचं पत्र फोनवर वाचून दाखवलं. काल आम्ही सगळे जमलो आणि तुम्हाला आपल्यात घेतलं."

मी म्हटलं, कोणी मागितलं होतं? शिट्टी म्हणाली, "तुम्हीच की."

वहिनी, मी पालथी होते म्हणून तू वाचलीस.

त्यांच्याकडे पद्धत अशी की नवा माणूस घ्यायचा तर सगळ्यांनी हजर राहायचं आणि एकेकाने तोंडाने 'हो' म्हणायचं. एकही गैरहजर असेल तर थांबायचं. कारण म्हणे, उद्या त्या माणसाचं ओझं उचलायला हात प्रत्येकाचे लागणार, मग न विचारता कसं घ्यायचं? मला मात्र कुणी विचारलं नाही, ही गंमत त्यांच्या लक्षात आली नाही.

आता माझ्या घरात त्यांच्या पाळ्या लागल्या आहेत. सकाळी एक निवृत्त बस ड्रायव्हर येतो. सूप चांगलं करतो, पण वाटी समोर ठेवताना मागे बघून 'चला, सुटली' म्हणतो. संध्याकाळी शिट्टीवाले पाळक येऊन जमिनीवर आडवे होतात, म्हणजे मला त्यांचं तोंड दिसावं, आणि तसेच आडवे राहून शास्त्र वाचतात. आणि दुपारभर असते ती पडदेवाली. खिडक्यांचे पडदे शिवणं हा तिचा धंदा. शिवणकाम घेऊनच येते. डोळ्याचा पडदा सुटला आणि देवाने पडदेवाली धाडली, ह्यावर ती स्वतःच रोज हसते. थेंब तीच टाकते. मी मान जराशी वर केली की माझ्या टाळूवर टपली मारते. पन्नाशीच्या बाईला. माझं कपाट तिने न विचारता लावलं. माझे जुने मोजे तिने फेकले. 'तू एकटीच का राहतेस' हे पहिल्याच दिवशी विचारलं, आणि उत्तर आवडलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. आम्ही दोघी रोज भांडतो. आंधळा मागतो एक डोळा, इथे तर मी मागितलंच नव्हतं आणि देवाने चोवीस डोळे पाठवले.

हे कसं घडलं, ते आडवळणं न घेता लिही.

वन्सं


४ एप्रिल

वन्संना सलाम.

घडलं ते असं. तुमचं पत्र वाचलं आणि आधी आईंच्या नकळत न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं. मग तोंड धुतलं, शेजारणीला आईंजवळ बसवलं आणि पाळकांकडे गेले. पाळक घरी नव्हते. दार पाळकीणबाईंनी उघडलं.

इतके महिने ज्या बाईशी शब्द बोलले नाही तिच्या दारात उभी. मनात म्हटलं, वन्संच्या डोळ्याला माझ्या नाकाची किंमत पडणार असं दिसतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला आत बसवलं आणि पाळकांना निरोप धाडून त्याच संध्याकाळी सभा बोलावली. सभेत वडिलांनी विचारलं, "बहिणीने स्वतः बदली मागितली आहे का? तिच्या मागणीशिवाय पत्र देता येत नाही." मी म्हटलं, "हो. मला लिहून मागितली आहे." कोणत्या चर्चसाठी? मी म्हटलं, टायरच्या दुकानावरच्या.

पाळकीणबाई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग टिपणात लिहिलं.

तर हो, मी खोटं बोलले, तेही भर मंडळीत उभी राहून. त्या तिन्ही ठिकाणी तुम्ही कुणाच्याच नव्हता आणि मी दुरून हात लांबवून दूध तापवू शकत नव्हते. रक्तगट सोडून सगळं विचारणारी माणसं मला त्या वेळी फार आवडली. राग आला असेल तर डोळा बरा होईपर्यंत जपून ठेवा.

मोजे कसले फेकले? ते निळे असतील तर बरंच झालं.

तुमची,
वहिनी


२ मे

प्रिय वहिनी,

पट्टी सुटली, बुडबुडा विरला, मान वर आली. आता ऐक. पडदा चिकटला आहे, पण मधोमध सुरकुती राहिली. उजव्या डोळ्याला माणूस दिसतो, माणसाचं तोंड दिसत नाही. दातांचं बारीक काम एका डोळ्यावर होत नाही. मालकांनी मला प्लास्टरच्या साच्यांवर बसवलं आहे. तिथे ठोकळेच असतात, आंधळ्यालाही जमतात. मला फार वाईट वाटतं. इतकी वर्षं दुसऱ्यांचं हसू नीट बसवलं, आता कुणाचं बसवता येणार नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, असं का झालं? म्हणाले, पहिल्या चार-पाच दिवसांत मान वर राहिली असेल, तेव्हाच सुरकुती धरली. "तुमच्याजवळ कुणी नव्हतं का?" मी म्हटलं, तीन चर्च होती.

हे मी तिथल्या कुणाला सांगितलं नाही. दोन रविवारांपूर्वी पाळकांनी माझ्या डोळ्याबद्दल मंडळीला फक्त इतकंच कळवलं की तो पुरता बरा होणार नाही. प्रार्थनेत सगळे डोळे मिटून होते, मी एकाने बघत होते. पडदेवाली उठली आणि जिना उतरून निघून गेली. त्यानंतर चर्चला आलेली नाही. ड्रायव्हरकडून कळलं, एका दुपारी शिवता शिवता तिला डुलकी लागली आणि एक वेळचे थेंब राहिले. माझा डोळा तिच्यामुळे गेला असं ती धरून बसली आहे. दार उघडत नाही.

त्यांची माणसं, ती बघून घेतील. मी येत्या एखाद्या रविवारी जाऊन खरं सांगणार आहे की हे सभासदत्व माझ्या वहिनीने लबाडीने लावलंय, मी मागितलेलं नाही, तेव्हा नाव काढा. सूप आणि टपल्यांबद्दल आभार मानीन आणि मोकळी होईन. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, तुझं कोंबडं आता आरवणार. तयारीत राहा.

वन्सं


९ मे

वन्संना सलाम.

तुमच्या डोळ्याचं आईंना सांगितलेलं नाही. मला मात्र झोप लागत नाही. ते चार-पाच दिवस मी बोटांवर पुन्हा पुन्हा मोजते.

कोंबड्याची काळजी करू नका, ते मीच सोडलं. तुमच्या चर्चचं पत्र येऊन कळण्याआधी मी परवाच्या रविवारी उभी राहिले आणि सांगितलं की वन्संनी काही मागितलं नव्हतं, मी खोटं बोलले. तुमचा दादा बुटांत शिरायचा तेवढा बाकी होता. आता वडील काय म्हणतात म्हणून मी उभीच. तेवढ्यात पाळकीणबाईंनी लेखणी खाली ठेवली आणि त्याही उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. ह्यांच्या नणंदेने आजवर कुणाकडे काही मागितलंय का? माहीत असून मी लिहिलं. जे ह्यांना, ते मलाही."

शिक्षा म्हणून आम्हा दोघींना ह्या महिन्याच्या प्रभुभोजनाला मागे बसायला सांगितलं आहे. भाकर आमच्या समोरून पुढे जाईल. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. मला लाज वाटते वन्सं, आणि खरं सांगायचं तर आधारही वाटतो. रागावले, पण जा म्हणाले नाहीत. पहिल्यांदाच आम्ही दोघी एका बाकावर बसणार आहोत. मुलांच्या वर्गाबद्दल त्या अजून एक अक्षर बोललेल्या नाहीत, मीही बोलत नाही.

आता तुमचं. आमच्या वहीतून तुमचं नाव बदलीमुळे निघालं. ती बदलीच खोटी ठरली, म्हणून तिकडचंही रद्द. पाळकांनी तसं कळवलं आहे. इथे परत घ्यायचं तर तुम्ही स्वतः मागायला हवं, असं वडील म्हणतात. म्हणजे आज तुम्ही कुठल्याच मंडळीच्या नाही. मनासारखं झालं, अभिनंदन.

वहिनी


२४ मे

प्रिय वहिनी,

तू ज्या दिवशी मला मोकळी केलीस त्याच आठवड्यात मी एका बंद दारापुढे उभी राहून नाक खुपसत होते. हसून घे. मग पुढचं वाच.

तुझं पत्र आलं त्या रविवारी मी टायरच्या दुकानावर गेले. ठरवलेलं भाषण करायची गरजच उरली नव्हती, नाव आपोआप निघालं होतं. पाळक म्हणाले, "कळलं आम्हाला. बसा, गाणं सुरू होतंय." बसले. बेसूर गाणं झालं. पडदेवालीची जागा रिकामी होती आणि मला गाण्यापेक्षा ती जागाच जास्त ऐकू येत होती. तिच्याकडे कोण जातंय असं विचारलं. ड्रायव्हर दोनदा जाऊन आला होता, पाळक तीनदा. मी म्हटलं, मी जाते. पाळक म्हणाले, "जा. पण आता तुमच्यावर बंधन नाही हं." त्यांनी ते साधेपणाने म्हटलं, पण वहिनी, मला फार लागलं. 'तुम्ही पाहुण्या, तुम्ही कशाला तसदी घेता' असं आपल्याच घरात कुणी म्हणावं, तसं.

गेले. आतून मशीनचा आवाज येत होता. मी दार वाजवलं, मशीन थांबलं. मी म्हटलं, मी आहे. मशीन पुन्हा सुरू. मग मी दाराशीच बोलले. डॉक्टरांनी काय सांगितलं ते सगळं. सुरकुती तुझ्या डुलकीने पडलेली नाही, तू येण्याआधी पडली. मी एकटी होते, दूध तापवत होते, दारं उघडत होते, तेव्हा. तुझे थेंब आणि टपल्या नसत्या तर उरलेला पडदाही गेला असता, हे त्यांचेच शब्द आहेत.

आतून आवाज आला, "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

मी म्हटलं, "मी आजवर तुला बरं वाटावं म्हणून एक तरी वाक्य बोललेय का? आठवून बघ."

तिने आठवून बघितलं असावं, कारण जरा वेळाने कडी निघाली. डोळे सुजलेले, तोंडात टाचण्या. म्हणाली, "तुझ्याजवळ तेव्हा कुणीच नव्हतं?" मी म्हटलं, नाही. "का नव्हतं?" मला ह्या बाईचे प्रश्न आवडत नाहीत हे तुला मी आधीच लिहिलंय. पण ह्या वेळी मी उत्तर दिलं. म्हटलं, मी कुणाची झालेच नव्हते. ती म्हणाली, "वेडी आहेस," आणि टाचण्या काढून माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मी आधी अवघडून उभी होते. मग नाही राहिले अवघडून.

पुढच्या रविवारी ती आली. उपासना झाली, आणि लोक चपलांकडे वळणार तेवढ्यात मी उठले. पुढच्या बाकाची पाठ धरली. ऑर्गनवाल्याला बैल म्हणताना काही धरावं लागलं नव्हतं. मी म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही मला घेतलंत ते माझ्या वहिनीच्या खोट्यावर. मी मागितलं नव्हतं. आता मागते."

पाळकांनी एकेकाला विचारलं. ड्रायव्हर हो म्हणाला. त्याची बायको हो म्हणाली. मधली सगळी एकेक करून हो म्हणत आली. माझ्या उजव्या डोळ्याला त्यांची तोंडं दिसत नव्हती, पण आवाज मला आता ओळखू येतात. शेवटी पडदेवाली. तिने आधी हातातलं गाण्याचं पुस्तक बाकावर ठेवलं. खालच्या दुकानात टायरात हवा भरत होते. एकीने नाही म्हटलं असतं तर मी जिना उतरून घरी गेले असते आणि एकटीचं घर म्हणजे काय, ते मला आता नीट माहीत आहे.

ती पाळकांना म्हणाली, "हिला घेतलं तर हिच्या भानगडीत मला पडावं लागणार ना?"

पाळक म्हणाले, "हो."

"आणि हिला माझ्या?"

"हो."

"मग हो," ती म्हणाली.

मी रडले, वहिनी, सगळ्यांच्या देखत. उजव्या डोळ्याने दिसत नाही फारसं, पण रडायला दोन्ही चालतात.

तुझी,
वन्सं